नवा सैनिक भुंगेरा सापडला, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की फोटो यायला लागतात. पानावर बसलेला, लांबट, केशरी-काळा, मऊ अंगाचा भुंगेरा आणि खाली एक ओळ: "हा नवीन आहे का?" या पानावर त्या प्रश्नाचं आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या प्रश्नांचं उत्तर आहे. सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत, त्यामुळे उत्तरांची लांबीही सारखी नाही.

सैनिक भुंगेरे म्हणजे नेमके कोणते?

ज्यांना सोल्जर बीटल म्हणतात ते, कॅन्थॅरिडी कुळातले भुंगेरे. जगभरात या कुळातल्या ५,००० हून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत. एरवी भुंगेरा म्हटला की पाठीवर टणक कवच आलंच, पण यांचे पुढचे पंख चामड्यासारखे लवचिक असतात. प्रौढ भुंगेरे दिवसा फुलांवर, पानांवर फिरतात. परागकण आणि मध खातात, मावा दिसला तर त्याचाही फडशा पाडतात. अळ्या पालापाचोळ्यात आणि मातीत राहतात. त्यांच्या अंगावर मखमली लव असते आणि त्या पक्क्या शिकारी असतात. इतर किड्यांच्या अळ्या, लहान गोगलगायी असं त्यांचं खाणं.

नात्यानं हे काजव्यांच्या जवळचे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी दिवसा झुडपांकडेही नजर टाकावी, एवढीच एक आगाऊ सूचना.

काजवा, हिंगे आणि सैनिक भुंगेरा यांत घोळ होतो. फरक कसा ओळखायचा?

वरून पाहा. काजव्याचं डोकं छातीवरच्या ढालीखाली, म्हणजे प्रोनोटमखाली, दडलेलं असतं. सैनिक भुंगेऱ्याचं डोकं वरून स्वच्छ दिसतं. लायसिडी कुळातले भुंगेरेही तांबडे आणि मऊ असतात, पण त्यांच्या पंखांवर उभ्या कडा आणि त्यांच्यामध्ये जाळी असते. सैनिकाचे पंख साधे, बारीक लव असलेले.

बाजरीवर येणाऱ्या हिंग्यांशी, म्हणजे ब्लिस्टर बीटलशी, गल्लत जास्त होते. त्यांना ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मागच्या पायाचं पाऊल मोजा. हिंग्याच्या पुढच्या दोन जोड्यांच्या पावलांना पाच-पाच खंड असतात, पण मागच्या जोडीला चारच. सैनिक भुंगेऱ्याच्या सहाही पावलांना पाच खंड असतात आणि त्यातला चौथा दोन पाकळ्यांत दुभंगलेला असतो. हे एकदा नीट पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. रंगावरून ओळखायला जाल तर आयुष्यभर होईल.

हातावर घेतला तर फोड येतात का?

नाही. फोड येतात ते हिंग्यांच्या अंगातल्या कॅन्थॅरिडिनमुळे. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१० मध्ये ते वेगळं काढलं. नाव कॅन्थॅरिडीसारखं वाटलं तरी सैनिक भुंगेऱ्यांत हे रसायन नसतं. स्वतःच्या बचावासाठी त्यांच्याकडे दुसरी सोय आहे. त्रास दिला की अंगाच्या कडेच्या ग्रंथींतून ते पांढरट स्राव सोडतात. अमेरिकेतल्या कॉलिओग्नॅथस लेकोन्टाय या प्रजातीच्या स्रावातलं आम्ल टॉमस आयस्नर आणि जेरल्ड माइनवाल्ड यांच्या गटानं १९६८ मध्ये ओळखलं. भक्षकांना ते आवडत नाही.

ही माहिती इथे देण्याला कारण आहे. चवीला वाईट असलेल्या किड्याचे ठळक रंग इतर किडेही उचलतात. म्हणून सैनिक, लायसिडी, काही शिंगवाले (लांब मिशांचे) भुंगेरे असे निरनिराळ्या कुळांतले कीटक एकाच गणवेशात दिसतात. रंगावर भिस्त ठेवणारा माणूस इथे हमखास फसतो.

ॲपवर फोटो टाकला, नाव आलं नाही. म्हणजे नवी प्रजाती?

नाही. ॲपला जे शिकवलंय तेवढंच ॲप सांगतं. भारतातल्या बहुतेक सैनिक भुंगेऱ्यांचे नाव पक्कं केलेले फोटो मुळात फारच थोडे आहेत. नाव न आल्यावरून फक्त एवढंच कळतं की नाव आलं नाही.

मग नवी आहे हे ठरतं कसं?

खरं काम इथून सुरू होतं आणि त्यातलं बरंचसं बसून करायचं असतं. किडा सापडायला एक सकाळ पुरते. तो आधी कुणाला सापडला नव्हता हे दाखवायला वर्षं जातात.

आधी वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट (जीनस), ठरवायचा. त्यासाठी पायाच्या नखांवर दात आहे का, प्रोनोटमच्या कडा कशा आहेत, जबड्याच्या स्पर्शिकांचं शेवटचं टोक कसं आहे, हे पाहतात. वंश कळला की त्या वंशातल्या, त्या भूभागातून नोंदलेल्या प्रत्येक प्रजातीची यादी करायची. भूभाग म्हणजे राज्य किंवा देश नव्हे. सह्याद्रीतला किडा असेल तर श्रीलंका धरावीच लागते. हिमालयातला असेल तर नेपाळ, भूतान, म्यानमार आणि चीनचा युन्नान प्रांतही. किड्याला सरहद्द माहीत नसते, पण संशोधकाला दोन्हीकडची पुस्तकं लागतात.

आणि पुस्तकं नाहीत, ही अडचण. ब्रिटिश काळातल्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत शिंगवाल्या भुंगेऱ्यांवर १९०६ मध्येच खंड निघाला. शेणकिड्यांना आणि सोंडकिड्यांनाही खंड मिळाले. कॅन्थॅरिडीच्या वाट्याला एकही आला नाही. त्यामुळे मूळ वर्णनं इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन नियतकालिकांत विखुरलेली आहेत. हेन्री गोरॅम यांचा १८८९ चा लेख लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात सापडतो. त्या काळी या कुळाला टेलिफोरिडी म्हणत आणि कितीतरी प्रजाती टेलिफोरस या एकाच वंशात घातल्या जात. आज त्याच प्रजाती वेगवेगळ्या वंशांत विखुरल्या आहेत. आजच्या नावानं शोधलं तर त्या सापडतच नाहीत.

त्यापुढचं नाव मोरिस पिक (१८६६–१९५७). या फ्रेंच गृहस्थांनी आशियाभरातल्या भुंगेऱ्यांना हजारोंनी नावं दिली, तीही अनेकदा दोन-चार ओळींच्या वर्णनावर. "काळा, पाय पिवळे, अमक्यापेक्षा लहान" इतकंच, चित्र नाही. त्या ओळी वाचून किडा ओळखणं अशक्य असतं, पण नाव मात्र वैध असतं. मग पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवलेला पिकचा मूळ नमुना पाहणं, किंवा त्याचे फोटो मागवणं, एवढाच मार्ग उरतो. पिकवर वैतागला नाही असा कॅन्थॅरिडीचा अभ्यासक मिळणं कठीण, आणि तरीही त्याला वगळून पुढे जाता येत नाही. नंतरच्या पिढीत स्वित्झर्लंडच्या वाल्टर विट्मर यांनी हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या प्रजातींवर अफाट काम केलं. बासलच्या संग्रहालयानं १९७२ मध्ये भूतानला मोहीम नेली होती, त्याच संग्रहालयात विट्मर यांचा संग्रह आहे. त्यांची वर्णनं बरीच बरी, आणि जननांगांची चित्रं काढलेली.

तुमच्या हातातला नमुना या सगळ्यांशी ताडून पाहिला, प्रत्येकापासून तो कशानं वेगळा आहे हे एकेका ओळीत सांगता आलं आणि तो फरक एकापेक्षा जास्त नमुन्यांत टिकला, की मग "नवी" हा शब्द वापरायला हरकत नाही. तेव्हाही तो दावाच असतो. पुढचा अभ्यासक तो खोडू शकतो.

जुनी नियतकालिकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वीस वर्षांपूर्वी यासाठी ग्रंथपालांना पत्रं लिहावी लागत.

जननांग का पाहतात? बाहेरून दिसतं ते पुरत नाही का?

बऱ्याचदा पुरत नाही. बाहेरून हुबेहूब सारखे दोन नर आत पूर्ण वेगळे निघतात, कारण नराच्या जननांगाचा आकार प्रजातीगणिक झपाट्यानं बदलतो आणि एका प्रजातीत मात्र बराच स्थिर राहतो. सैनिक भुंगेऱ्यांत वरची पट्टी, तिची खाच, खालचे दोन उंचवटे आणि आतल्या बाजूचे काटे यांवर बहुतेक वंशांत निर्णय होतो.

पद्धत सांगतो. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करायचा. बारीक चिमट्यानं पोटाच्या टोकातून जननांग ओढून घ्यायचं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं म्हणजे स्नायू विरघळतात आणि टणक भाग तेवढा उरतो. मग पाण्यात धुवून ग्लिसरीनमध्ये घ्यायचं, वरून, खालून आणि बाजूनं चित्रं काढायची. काम झालं की ते ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच किड्याच्या पिनेवर अडकवायचं. वेगळ्या डबीत ठेवलं की आज ना उद्या कुठलं कुणाचं ते कळेनासं होतं. पहिल्या काही किड्यांचं पोट फाटेल, म्हणून साध्या, नेहमीच्या प्रजातीच्या नमुन्यांवर हात बसवून घ्या.

मादीच मिळाली. चालेल?

नियमानुसार चालतं, शहाणपणानं नाही. मादीत पोटाच्या खालच्या बाजूच्या शेवटच्या पट्टीचा आकार आणि शुक्राणू साठवायची पिशवी उपयोगी पडते, पण तुलना करायला जुन्या साहित्यात माद्यांची चित्रं जवळजवळ नसतात. नर मिळेपर्यंत थांबा. त्याच जागी, पुढच्या वर्षी, त्याच पंधरवड्यात जा. प्रौढ भुंगेरे वर्षातून थोडेच दिवस दिसतात.

डीएनए केला की भांडणच मिटेल ना?

मदत होईल, भांडण मिटणार नाही. २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी मांडलेल्या बारकोड पद्धतीत सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, अळी कुणाची, हे त्यातून छान कळतं. पण तुमचा तुकडा ताडायचा कशाशी? पिकच्या शंभर वर्षं जुन्या नमुन्याचा डीएनए कुणी वाचून ठेवलेला नाही. म्हणून नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जरूर ठेवा, एक पाय बाजूला काढा, आणि तरीही मायक्रोस्कोपखाली बसा.

किडा मारावाच लागतो का? फोटोवर वर्णन करता येत नाही?

२०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं, मार्लीमायिया झायलोकोपीचं, वर्णन नुसत्या फोटोंवरून छापलं गेलं आणि जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. २०१७ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं यावर सूचना काढल्या. नमुना न ठेवता वर्णन करणं बेकायदा ठरवलं नाही, पण तसं का केलं याचं ठोस कारण द्यायला सांगितलं. सैनिक भुंगेऱ्यांबाबत माझं मत सरळ आहे. जननांग न पाहता नाव देणं म्हणजे नव्या पिकला जन्म देणं. हवे तेवढेच नमुने घ्या, बाकीचे सोडून द्या.

गोळा करायला परवानगी लागते?

लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. राखीव वनातही वन विभागाला विचारल्याशिवाय जाळी फिरवू नका. देवराई असेल तर गावकऱ्यांना विचारा. तिथे कागदापेक्षा त्यांचा होकार मोठा.

जैवविविधता कायदा, २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नवा वर्गक (प्रजाती किंवा तसाच गट) सापडला तर त्याची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, ही अशी संस्था आहे. तिचं मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. नमुना परदेशी पाठवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. "मित्राला पोस्टानं पाठवला" हे नंतर सांगून भागत नाही.

वर्णनात काय-काय असावं लागतं?

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या दृष्टीनं आवश्यक ते थोडकंच: नाव नवं आहे असं स्पष्ट लिहिणं, इतरांपासून वेगळं ओळखता येईल असं शब्दांतलं वर्णन, आणि ज्याच्यावर नाव टांगलेलं राहील तो नमुना नेमणं. एकच नमुना नेमला तर त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहोत हे सांगावं लागतं. त्याच वेळी अभ्यासलेले बाकीचे नमुने पॅराटाइप.

चांगल्या लेखात याहून बरंच असतं: मापं, पूर्ण किड्याचे फोटो, जननांगाची चित्रं, जवळच्या प्रजातींशी तुलना, ओळखण्याची किल्ली, नकाशा, अधिवास. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद तुलनेचा, आणि नवे लोक नेमका तोच घाईत उरकतात. तीन पानं भुंगेऱ्याच्या लवेवर आणि दोन ओळी शेजाऱ्यांपासूनच्या फरकावर, असे लेख मी परत पाठवतो.

नाव काय ठेवायचं? आजीचं ठेवता येईल?

खुशाल ठेवा. स्त्रीच्या नावापुढे "-ए", पुरुषाच्या नावापुढे "-आय" असा लॅटिन प्रत्यय लागतो. जागेच्या नावावरून "-एन्सिस" लावून विशेषण करतात. नाव लॅटिन लिपीतच छापावं लागतं. विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. युरोपातला कॅन्थॅरिस फुस्का पाहा. कॅन्थॅरिस स्त्रीलिंगी म्हणून फुस्का, पुल्लिंगी वंशात तोच शब्द फुस्कस झाला असता.

स्वतःचं नाव ठेवायला संहितेत बंदी नाही, पण तसं कुणी करत नाही. केलंत तर लोक हसतील.

नाव एकदा छापलं की ते मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. स्लोव्हेनियातल्या गुहेत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचं नाव दिलं गेलं. ते आजही वैध आहे, आणि त्या नावापायी त्या बिचाऱ्याचे नमुने संग्राहक चढ्या भावानं विकत घेतात. राजकारण्यांची नावं देण्याआधी यावर विचार करा.

कुठे छापायचं? वर्तमानपत्रात आधी बातमी दिली तर?

बातमी नंतर. आधी शास्त्रीय नियतकालिक, जिथे दुसरे अभ्यासक लेख तपासतात. झूटॅक्सा आणि झूकीज ही त्यातली मोठी, आपल्याकडे जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा. २०१२ पासून केवळ ऑनलाइन छापलेलं नावही वैध धरतात, पण लेखाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद आणि तिचा उल्लेख लेखातच हवा. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. लेख न तपासता छापला तरी नाव वैध ठरू शकतं, आणि मग पुढच्या पिढीला ते निस्तरत बसावं लागतं.

या सगळ्याला किती वेळ लागतो?

फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला होता. नमुना गोळा केल्यापासून त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. डार्विननं १८३२ मध्ये अर्जेंटिनात पकडलेला एक भुंगेरा तर २०१४ मध्ये नाव मिळेपर्यंत पडून राहिला. तेव्हा दोन-तीन वर्षं लागली म्हणून खट्टू होऊ नका.

नंतर कळलं की प्रजाती जुनीच आहे. मग?

जुनं नाव टिकतं, तुमचं नाव त्याचं समानार्थी म्हणून यादीत जातं. लाज वाटण्यासारखं काही नाही. लिनियसपासून सगळ्यांच्या नावांवर ही वेळ आली आहे.

पैसे मिळतात का?

नाही.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

सैनिक भुंगेरे सहसा पिकाचं नुकसान करत नाहीत. ऑस्ट्रेलियात कॉलिओग्नॅथस लुगुब्रिसचे थवे इतके उतरतात की त्यांच्या वजनानं फांद्या वाकतात आणि लोक घाबरतात, पण झाडं ते खात नाहीत. माव्याला खाणारे प्रौढ आणि जमिनीतल्या अळ्यांना खाणारी पिल्लं, म्हणजे फायदाच. फक्त "हा किडा मित्र आहे" असं सांगायचं तर आधी तो कोणता हे सांगता आलं पाहिजे.

माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी नाही. मी हे करू शकतो का?

संहिता पदवी विचारत नाही. एकट्यानं मात्र करू नका. संग्रहालयाशी जोडलेला एखादा अभ्यासक सोबत घ्या. परवानगी, होलोटाइपची जागा, जुन्या नमुन्यांचे फोटो हे सगळं त्यामुळे सोपं होतं. तुमच्याकडे असलेली गोष्ट त्याच्याकडे बहुधा नसते: एकाच टेकडीवर वर्षानुवर्षं, दर आठवड्याला जाण्याची सवय.

आज लगेच काय करू?

लेबल लिहायला शिका. लेबल नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राला निरुपयोगी. देश, राज्य, जिल्हा, गाव, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, संकलकाचं नाव, या क्रमानं लिहा. उदाहरणार्थ: "भारत, महाराष्ट्र, सिंधुदुर्ग, आंबोली, ६९० मी., १५.९६ उ., ७४.०० पू., १२ जून, स्वीप नेट, रानमोडीच्या झुडपावर", पुढे वर्ष आणि नाव. महिना अक्षरांत किंवा रोमन आकड्यात लिहा, कारण ६ आणि १२ मधला महिना कोणता हे तीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. पेन्सिल किंवा न विरघळणारी शाई वापरा. अल्कोहोलच्या बाटलीत लेबल आत टाका. बाहेर चिकटवलेलं पहिल्याच पावसाळ्यात सुटतं.